बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

"ते थर्मल का काय म्हनता, ते काढून टाका जी. डायरेक्ट करून द्या," टेंभरेजी म्हणाले.

मी त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, स्टुलावर उभा होतो. डीबीचं, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीचं, झाकण उघडं होतं. माझ्यापासून चार पावलांवर एक दार होतं. त्या दारामागे एक हीटर होता, तो मीच बसवला होता आणि आता तो सारखा बंद पडत होता. मला फक्त त्या दारातून आत जायचं होतं. तेवढंच जमत नव्हतं.

आत टेंभरेजींची मुलगी सुचिता आणि तिचं बाळ होतं. आमच्या भागात बारशापर्यंत बाहेरचा पुरुष बाळंतिणीच्या खोलीत जात नाही. घरातला पुरुषसुद्धा उंबऱ्यावरूनच बोलतो. टेंभरेजी स्वतः नातवाला लांबूनच बघत होते. मग गोंदियाजवळच्या गोरेगावहून आलेल्या वायरमनला कोण आत घेणार?

हा हीटर या घरात आला कसा, ते आधी सांगतो. टेंभरेजी मोठे शेतकरी. तळ्याकाठचं गाव, त्यामुळे हिवाळ्यात सकाळभर धुकं हटत नाही आणि भिंतींना ओल धरते. सुचिता बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. बाळाचं वजन कमी. गोंदियाच्या दवाखान्यात काही दिवस ते काचेच्या पेटीत होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. बाळाला थंडी लागता कामा नये आणि खोलीत धूर होता कामा नये.

आता बाळंतिणीची खोली म्हटली की आमच्याकडे खाटेखाली शेगडी आलीच. निखारे, त्यावर ओवा, दारं-खिडक्या बंद. निखाऱ्यांचा धूर दिसला नाही तरी बंद खोलीत त्यातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच गुदमरतो आणि घरच्यांना कारण कळत नाही.

टेंभरेजींचा मुलगा कॅनडात नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्याने तिकडचा बेसबोर्ड हीटर आणला होता, आईवडिलांच्या खोलीसाठी. तो खोक्यातच पडून होता. बहीण बाळंत झाल्याचं कळल्यावर त्याने मला फोन केला. म्हणाला, "भाऊ, इकडे घरोघरी हेच असतं. तुम्ही नीट बसवून द्या."

बेसबोर्ड म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी, फरशीलगत बसवायचा लांबट पत्र्याचा हीटर. आत एलिमेंट असतो आणि त्यावर पातळ पत्र्याच्या पाती. थंड हवा खालून शिरते, तापते आणि वरून बाहेर पडते. पंखा नाही, आवाज नाही, लाल उजेड नाही. तान्ह्या बाळासाठी चांगली वस्तू आहे.

पण चांगली वस्तू वाईट बसवली की वैरीण होते. हा हीटर लाइटच्या वायरवर जोडायचा नसतो, एक्स्टेन्शन बोर्डावर तर नाहीच. त्याला डीबीपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर लागते. तिकडे हीटरच्या दोन्ही वायरींत करंट असतो, आपल्याकडे एक फेज आणि एक न्यूट्रल. तरी मी डबल पोल एमसीबी लावला, म्हणजे बंद केला की दोन्ही वायरींतला करंट तुटतो. करंट गळला तर क्षणात लाइन तोडणारा आरसीसीबी लावला. टेंभरेजींच्या घराचं अर्थिंग पाहिलं तर ते नावालाच होतं. अंगणात नवीन खड्डा घेतला. या सगळ्याला टेंभरेजींनी कुरकुर केली, पण मुलाने फोनवरून दटावलं म्हणून करू दिलं.

हीटर खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला बसवला. थंडी तिथूनच शिरते. थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं बटण, समोरच्या आतल्या भिंतीला. खिडकीचा पडदा आखूड करायला लावला. खाटेची मला विशेष धास्ती होती. शेगडी खाटेखाली जाते, तर लोक खाट हीटरवर सरकवतील आणि लोंबती गोधडी हीटरवर पडेल. म्हणून मी टेंभरेजींना सपरीत उभं करून दोनदा सांगितलं की खाट लांब ठेवा, हीटरवर काही झाकू नका, त्याच्या पुढ्यात काही ठेवू नका. ते म्हणाले, "ठेवत नाही जी." मी गाडीला किक मारली आणि आलो. दुसऱ्या दिवशी सुचिता बाळाला घेऊन घरी आली.

त्यानंतर टेंभरेजींचा फोन आला तो हीटर बंद पडतो म्हणून. थोडा वेळ चालतो, बंद पडतो, आपोआप पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. खोली तापत नाही आणि बाळाचे हातपाय गार पडत आहेत.

म्हणून मी स्टुलावर होतो. एमसीबीचा खटका खाली पडलेला नव्हता, आरसीसीबीचाही नाही. म्हणजे वायरिंगमध्ये दोष नव्हता. व्होल्टेज पाहिलं. गावात मोटरपंप सुरू असले की ते दबतं, पण हीटरच बंद पडावा इतकं दबलेलं नव्हतं. मग चिमटा मीटर लावला. या मीटरचा जबडा वायरीभोवती धरला की वायर न कापता तिच्यातला करंट दिसतो. आकडा शून्य. मी बघत राहिलो. जरा वेळाने आकडा आला, हीटर सुरू झाला. आणखी जरा वेळाने पुन्हा शून्य.

दाराशी सुचिताची आई उभी होती. त्यांना मी काकू म्हणतो. बाई बुटकी, बोलायला कमी, डोक्यावर पदर. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून अशा उभ्या होत्या की आत काही दिसू नये.

"काकू, सुचिताला विचारा, भिंतीवरच्या बटणावर आकडा किती आहे?"

आतून सुचितानेच उत्तर दिलं. खोलीचं तापमान, आम्ही ठेवलं होतं त्याच्या बरंच खाली. म्हणजे थर्मोस्टॅट हीटरला चालू हो म्हणत होता आणि हीटर ऐकत नव्हता. मग एकच शक्यता उरते. हीटरमध्ये एक सेफ्टी कटआउट असतो. तांब्याची बारीक नळी हीटरच्या सगळ्या लांबीभर फिरवलेली असते. कुठेही, अगदी वीतभर जागी जरी, प्रमाणाबाहेर तापलं तरी ती पूर्ण हीटर बंद करते. निवला की पुन्हा चालू. टेंभरेजी थर्मल म्हणत होते ते हेच. मघाशी मीच त्यांना त्याचं नाव सांगून बसलो होतो.

"म्हणजे हीटरवर काहीतरी झाकलं जातंय," मी म्हणालो.

"काही नाही झाकलं," काकू म्हणाल्या.

"पुढ्यात काही?"

"काही नाही जी."

"खाट?"

"खाट तिकडच्या भिताडाले आहे. तुमी सांगतलं तशी."

टेंभरेजींचा धीर संपत आला होता. "मेश्रामभाऊ, मी तुमाले सकाळपासून सांगून राहिलो. झाकलं-बिकलं काही नाही. मशीनच नाजूक आहे. ते थर्मल काढा ना. डायरेक्ट चालू द्या."

आमच्या धंद्यात 'डायरेक्ट' या शब्दाइतका मला दुसऱ्या कशाचा राग येत नाही. पंपाचा स्टार्टर ट्रिप होतो, डायरेक्ट करा. फ्यूज उडतो, जाड तार टाका. वस्तू ओरडून काही सांगत असते आणि आपण तिचं तोंड बांधतो. पण खरं सांगतो, त्या दिवशी माझं मनही जरा हललं. कटआउटच खराब निघाला असण्याची शक्यता होती. नवीन भाग कॅनडाहून यायला किती दिवस लागतील कोण जाणे. तोवर ते लेकरू गार खोलीत. आणि डायरेक्ट करणं अगदी सोपं होतं. हीटर बाहेर काढून दिला असता तर आत न जाताही मी सपरीत बसून दोन वायरी जोडल्या असत्या.

"होत नसन त राहू द्या," टेंभरेजी म्हणाले. "मी शेगडी ठेवतो खाटेखाली. आमी का शेगडीवर वाचलो नाही? थंडीनं लेकरू गेल्यावर तुमच्या मशीनची पूजा करू का?"

त्यांच्या बोलण्यात तोरा होता, पण डोळे घाबरलेले होते. त्यांचा मला राग आला नाही. शेगडीचं नाव निघाल्यावर दाराशी उभ्या काकूंनी मान फिरवली आणि आत बघायला लागल्या. मला वाटलं, बाईंनाही शेगडीच हवी असणार. म्हाताऱ्या माणसांना आपली रीत सोडवत नाही.

मी म्हणालो, "सुचिता, मोबाईलवर हीटरचा एक फोटो काढून मला पाठव."

काकूंना ते आवडलं नाही. तान्ह्या लेकराच्या खोलीत फोटो कशाला? बाळ दिसणार नाही, फक्त भिंत दिसेल, असं सुचिताने समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब, आवरू दे मले," आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं. आत काही उचलल्या-ठेवल्याचा आवाज झाला. मग माझ्या फोनवर फोटो आला.

हीटर लखलखीत. वर काही नाही, पुढे काही नाही, फरशी झाडलेली. कंपनीच्या जाहिरातीत असतो तसा.

टेंभरेजींनी फोटो पाहून माझ्याकडे असं बघितलं की मला स्टुलावरून उतरावंसं वाटलं. तेवढ्यात मीटरवर आकडा आला. हीटर सुरू झाला होता. चहा आला, मी घेतला. आकडा तसाच होता. आम्ही धानाच्या भावावर बोललो, तो बराच मोठा विषय आहे. आकडा तसाच. इतका वेळ हीटर सलग चालला नव्हता.

"पाहा, झाला ना चालू," टेंभरेजी म्हणाले. "तुमी का केले?"

मी काहीच केलं नव्हतं. मी कपबशी ठेवली, जोडे घालायला वळलो आणि मीटरने पुन्हा शून्य दाखवलं.

मी पायरीवर बसलो. एक जोडा पायात, एक हातात. सकाळपासून हीटर एकदाच नीट चालला होता, फोटो काढला तेव्हा. फोटोने हीटर सुधारत नाही. मग फोटोसाठी आत काय झालं? आवरलं गेलं. आणि पाहुणे आता निघाले म्हणून जे आवरलं होतं ते पुन्हा होतं तिथे गेलं.

"सुचिता," मी दाराकडे तोंड करून विचारलं, "फोटो काढायच्या आधी आईने तिथून काय उचललं?"

आतून सुचिता म्हणाली, "बाळाचे लंगोट. अन् टोपलं."

"काकू, तुम्ही तर म्हणालात काही झाकलं नाही."

काकू दाराशी आल्या. "टोपलं ठेवली त ते का झाकनं होय? त्याले त भोकं आहेत. वारा जाते ना त्यातून."

"मग फोटोत का नव्हतं?"

"लंगोटाचा का फोटो काढतेत जी?"

घरात पाहुणा आला तर मीही दोरीवरचे कपडे आत नेतो.

आमच्याकडे शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालतात आणि त्यावर बाळाचे कपडे वाळवतात. ओव्याची धुरी लागते, कपडा गरम होतो, तो बाळाला गुंडाळतात. हिवाळ्यात धुक्यामुळे बाहेर लंगोट वाळतच नाहीत आणि बाळ तर दिवसभर ओलं करतं. शेगडी गेली, टोपलं राहिलं. काकूंनी ते हीटरच्या एका टोकाशी टेकवून त्यावर लंगोट पसरले. गरम हवेची वाट तिथे अडली, तेवढी जागा तापली, नळीने पूर्ण हीटर बंद केला. कटआउट अगदी चोख काम करत होता. आणि मी खाटेपर्यंतच विचार केला होता. लंगोट कुठे वाळणार, हे मला सुचलंच नाही. माझ्या घरी तीन मुलं झाली, पण त्यांचे लंगोट मी कधी वाळवले नव्हते.

आता टोपलं ठेवू नका असं सांगून भागणार नव्हतं. बाळाला सुके, उबदार कपडे हवेच होते. ओल्या लंगोटात गुंडाळलेलं बाळ हीटरजवळ ठेवलं तरी गारच पडतं. मी म्हणालो, "काकू, शेगडी आणा."

टेंभरेजी चमकले. काकूही.

"इथे. सपरीच्या टोकाला, उघड्यावर. तिच्यावर तुमचं टोपलं. ओवा टाका, काय हवं ते टाका. कपडे इथे वाळवा, निखारा लागणार नाही असं बघा आणि कपडे तेवढे आत न्या. निखारा आत जाणार नाही, कपडा हीटरवर जाणार नाही. धूर अंगणात, ऊब खोलीत."

टेंभरेजींना ते पटलं, कारण त्यात त्यांची शेगडी होती. काकूंनी विचारलं, "आतमंदी नाही ना न्यायची शेगडी? नक्की?"

"नक्की. काहीही झालं तरी नाही."

"ह्यांना सांगा," त्या टेंभरेजींकडे बोट न करता म्हणाल्या. "तुमचं आयकतीन."

मी सांगितलं. टोपलं बाहेर आलं. मी जेवायला थांबलो ते मुद्दामच, आणि मीटर लावूनच ठेवला होता. हीटर खोली तापवत राहिला. नंतर एकदा तो बंद झाला तेव्हा सुचिताने आतून आकडा वाचून दाखवला. आम्ही ठरवलं होतं तेवढं तापमान झालं होतं. थर्मोस्टॅटने आपलं काम केलं होतं. "लेकराचे पाय गरम लागून राहिले," असं काकूंनी दारातून सांगितलं. टेंभरेजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि उगाच बैलांकडे निघून गेले. मलाही फार बरं वाटलं. वायरिंगच्या कामात माणसाने रडावं असं काही सहसा घडत नाही.

बारशाचं बोलावणं आलं. पाळण्यात घालून झालं, जेवणं झाली. मी निघालो तर काकूंनी मला खोलीत बोलावलं. आता जायला हरकत नव्हती. बसवल्यानंतर माझाच हीटर मी इतक्या दिवसांनी पुन्हा बघत होतो. बाळ पाळण्यात झोपलं होतं. बाकीच्या बायका अंगणात होत्या.

काकूंनी कपाटातल्या कपड्यांखालून एक लंगोट काढून माझ्या हातात दिला. त्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग होता. कापड तिथे कडक झालं होतं. बोटाने दाबलं तर भुगा पडला.

"हे पयल्याच दिवशी झालं," त्या म्हणाल्या. "मशीनवरच टाकली होती मी. करपल्याचा वास आला त काढली. मंग टोपलं लावली, का कपडा चिपकू नये म्हनून. कोनाले सांगतली नाही."

"काऊन नाही सांगितलं काकू? मी विचारत होतो ना."

त्या पाळण्याकडे बघत होत्या. "सांगतली असती त ह्यांनी मशीन काढून फेकली असती. शेगडी आनली असती. माझं पयलं पोरगं याच जागी गेलं. मातीचं घर होतं तवा. खाटेखाली शेगडी होती, दार बंद होतं. मी बेसुद होती. मले लोकायनं उठवलं, त्याले उठवता नाही आलं. सारे म्हनले नजर लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं धुराचं सांगतलं, तवा मले समजलं का झालं होतं."

मी लंगोट हातात धरून उभा राहिलो. या बाईला शेगडीच हवी असेल असं मी गृहीत धरलं होतं. ती दार अडवून उभी होती ती रीत म्हणून नाही. हीटर त्या खोलीतून बाहेर जाऊ नये म्हणून. आणि तो हीटर मी बाहेर मागवून, वायरी जोडून डायरेक्ट केला असता, तर जे कापड एकदा करपून थांबलं होतं ते थांबलं नसतं. बांबूचं टोपलं, सुती कपडे, त्याच खोलीत बाळ. पुढचा विचार मी केला नाही. अजूनही करत नाही.

"टेंभरेजींना माहीत आहे?" मी विचारलं.

"धुराचं? नाही. अन् सांगून का फायदा? शेगडी त्यायनंच भरली होती."

त्यांनी लंगोट माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि पुन्हा कपड्यांखाली ठेवला. बाहेर टेंभरेजी कोणाला तरी मोठ्या आवाजात हीटरचं कौतुक सांगत होते. मी त्यांना नमस्कार केला आणि निघालो.

त्यानंतर आमगावला आणि गोंदियात आणखी काही घरी हीटर बसवले. हवा वाहायला जागा, स्वतंत्र वायर, अर्थिंग, हे सगळं पूर्वीसारखंच. फरक एकच. आता सूचना सपरीत पुरुषाला सांगून मी निघत नाही. ती खोली जी बाई आवरते तिला बोलवायला सांगतो आणि ओले कपडे कुठे वाळवणार, हे ड्रिल काढायच्या आधी विचारतो. घरमालक म्हणतात, तिला विजेतलं काय समजतं? मी म्हणतो, विजेचं मी बघतो. तुमच्या घरात काय चालतं ते मला तिच्याकडून समजून घ्यायचं आहे.